गरोदरपणी हात भाजला तर आधी बांगड्या, मग बाकी सगळं

फोडणी उडाली, कुकरची वाफ लागली की घरात हळद, टूथपेस्ट, बर्फाची शोधाशोध सुरू होते. यातलं काहीच लावू नका.

१. हात लगेच नळाखाली धरा आणि तिथेच बांगड्या, अंगठ्या, घड्याळ उतरवा. सूज आली की हिरवा चुडा मनगटात रुततो, मग निघता निघत नाही.

२. साधं वाहतं पाणी पूर्ण २० मिनिटं. पोटुशी बाईला इतका वेळ उभं राहून चक्कर येऊ शकते, म्हणून बाथरूममध्ये स्टुलावर बसवा आणि तांब्याने संथ धार सोडत राहा. बाकी अंग कोरडं, उबदार ठेवा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका.

३. वर स्वच्छ सुती कापड सैल ठेवा. फोड फोडू नका.

तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा पोट, छाती, चेहरा भाजला असेल, तर १०८ ला फोन करा. पाचव्या महिन्यानंतर तिला उताणं न झोपवता डाव्या कुशीवर न्या. मोठं भाजल्यावर अंगातलं पाणी कमी झालं की बाळाचा रक्तपुरवठाही घटतो. बाळाची हालचाल कमी वाटली, पोटात कळा आल्या, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर जखम लहान असली तरी लगेच दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन गरोदरपणात चालतं, ते टाळू नका.

एक मात्र सांभाळा: घरातलं भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम किंवा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, शेवटच्या महिन्यांत तर नाहीच.