प्रेक्षक व्हिडिओ अर्ध्यावर सोडत होते, तेव्हा मी काय बदलले

तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांसाठी मी यूट्यूबवर मराठीतून व्हिडिओ तयार करतो. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या रोगांवरील माझा १७ मिनिटांचा व्हिडिओ पुष्कळांनी उघडला. परंतु यूट्यूब स्टुडिओतील, किती प्रेक्षक कुठपर्यंत पाहतात हे दाखवणारा आलेख पाहिला, तेव्हा पहिल्या मिनिटातच रेषा झपकन खाली आलेली दिसली. त्या मिनिटात मी केवळ स्वतःची ओळख करून देत होतो. ज्याच्या बागेत रोग शिरला आहे, त्याने ती का ऐकावी?

नवा व्हिडिओ मी थेट पानापासून सुरू केला. वरच्या बाजूचे तेलकट पिवळे डाग जवळून दाखवले, "ही भुरी की केवडा?" असे (द्राक्षावरील या दोन रोगांबद्दल) विचारले आणि आठ सेकंद काहीही बोललो नाही. मग पान उलटे केले. डागांच्या खालच्या बाजूची पांढरी बुरशी दिसताच केवडा ओळखू येतो. संपादन करताना ती शांतता फार लांब वाटली, तरी कापली नाही हे योग्यच झाले, कारण पाहणारा तेवढ्या वेळात आपले उत्तर मनाशी ठरवतो आणि ते पडताळण्यासाठी थांबतो.

व्हिडिओखालच्या वर्णनात प्रकरणांच्या, म्हणजे व्हिडिओतील प्रत्येक भाग कुठे सुरू होतो त्याच्या, वेळाही दिल्या. पहिली वेळ ०:०० असावी लागते, वेळा किमान ३ लागतात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा असावा लागतो. मी ०:०५ पासून सुरुवात केल्याने आधी प्रकरणे दिसतच नव्हती.

आता शेतकरी प्रतिक्रियांमध्ये छाटणीची तारीख आणि पावसाची नोंद लिहितात, आणि त्यांच्याच प्रश्नांवरून मी पुढचा व्हिडिओ ठरवतो.