अल्टिमेट फ्रिसबीच्या हौशी लीगमध्ये पहिल्यांदा उतरताना

नवख्या खेळाडूला सगळ्यात जास्त धास्ती असते ती डिस्कच्या, म्हणजे हवेत भिरकावायच्या चपट्या तबकडीच्या, फेकीची. संघाला मात्र त्याच्याकडून आधी वेगळंच हवं असतं: ठरल्या दिवशी हजेरी, धावायची तयारी आणि नियमांची बऱ्यापैकी ओळख. नियम विशेषकरून, कारण या खेळात पंच नसतो. फाउल झाला हे खेळाडूच सांगतात आणि निवाडाही तेच करतात.

नाव नोंदवताना आधी लीगचा प्रकार बघा. काही लीगमध्ये आख्खा संघच नाव देतो. काहींत एकेकटे खेळाडू नाव देतात आणि आयोजक त्यांचे संघ पाडतात. ही ‘हॅट लीग’. ओळखीचं कोणी नसेल तर हीच बरी. तिच्या फॉर्ममध्ये बहुधा अनुभव, वेग आणि फेक यांना तुम्हीच गुण द्यायचे असतात. तिथे संकोच नको आणि फुशारकीही नको, कारण संघ त्याच आकड्यांवरून जुळवले जातात. फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळला असाल तर तेही लिहा. मोकळी जागा हेरणं आणि माणूस धरून राहणं तिथलं इथे जसंच्या तसं चालतं. ज्या तारखांना जमणार नाही त्या आधीच कळवा. गवतावर सात विरुद्ध सात खेळतात, आणि मिश्र लीगमध्ये स्त्री-पुरुषांचं प्रमाण बऱ्याचदा 4:3 असं ठरलेलं असतं. त्यामुळे न सांगता दोघी गैरहजर राहिल्या तर उरलेल्यांना बदली न मिळता सामनाभर धावावं लागतं. जागा भरल्या असतील तर बदली खेळाडूंच्या यादीत नाव टाका. आयत्या वेळी बोलावणं येतं आणि पुढच्या हंगामासाठी ओळखी होतात.

सामान थोडंच लागतं. फुटबॉलचे स्टड असलेले बूट चालतात, धातूचे अणकुचीदार स्टड चालत नाहीत. एक पांढरा आणि एक गडद टीशर्ट दोन्ही बरोबर ठेवा. सरावासाठी डिस्क घ्याल ती 175 ग्रॅमचीच घ्या. हलकी खेळण्यातली डिस्क वाऱ्यात भरकटते आणि तिच्यावर बसलेला हात सामन्यात उपयोगी पडत नाही.

पहिल्या सामन्याआधी दोन फेकी पुरेशा आहेत. बॅकहँड बहुतेकांना येतोच. फोरहँड, म्हणजे फ्लिक, वेळ खातो. तर्जनी आणि मधलं बोट डिस्कखाली, मधलं बोट आतल्या कडेला टेकलेलं, अंगठा वर. जोर खांद्याचा नाही, मनगटाच्या झटक्याचा. डिस्क थरथरत गेली तर गिरकी कमी पडली आहे. आणखी ताकद लावून ती सुधारत नाही. हवेत उलटून कडेवर पडली तर सोडताना तळहात पालथा झाला आहे. तळहात आभाळाकडे ठेवा, डिस्कची बाहेरची कड जराशी खाली. दहा मीटरवर दहापैकी आठ फेकी समोरच्याच्या छातीशी जाईपर्यंत लांब फेकीच्या नादी लागू नका. झेल घेताना डिस्क दोन्ही तळव्यांमध्ये, एक वर एक खाली, टाळी वाजवल्यासारखी पकडा. एका हाताने झेलायची हौस नंतर भागवा.

पूर्ण मैदान 100 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद असतं, दोन्ही टोकांना 18 मीटरचे एंडझोन. हौशी लीगमध्ये ते अनेकदा लहान आखतात. समोरच्या एंडझोनमध्ये सहकाऱ्याची फेक झेलली की गुण. डिस्क हातात असताना धावायचं नाही. एक पाय रोवून त्यावरच फिरायचं. तो पाय सरकला की ‘ट्रॅव्हल’. तुमच्यासमोरचा मार्कर, म्हणजे तुमची फेक अडवणारा विरोधी खेळाडू, तीन मीटरच्या आत उभा राहून एक ते दहा मोजतो. ‘दहा’चा पहिला उच्चार होईपर्यंत डिस्क हातातून सुटली नाही तर ती समोरच्या संघाची. खाली पडली किंवा मैदानाबाहेर गेली तरी तेच.

नवख्यांचा खरा गोंधळ हातात डिस्क नसताना होतो. सगळे डिस्ककडे धाव घेतात आणि फेकणाऱ्यासमोर गर्दी होते. एकदा जोरात धाव घ्या. डिस्क आली नाही तर लगेच बाजूला सरून परत रांगेत, म्हणजे धाव घ्यायला थांबलेल्या सहकाऱ्यांच्या ओळीत जा, म्हणजे पुढच्याला जागा मिळते. मध्येच थबकून हात हलवत उभं राहिलात तर तुमच्यामागोमाग आलेला बचावपटूही तिथेच थांबतो आणि वाट बंद होते. बचावात संघ ‘फोर्स’ ठरवतो, म्हणजे मार्करने कोणती बाजू अडवायची आणि कोणती मोकळी सोडायची. प्रत्येक गुणाआधी हे विचारून घ्या. मार्करने उलटी बाजू अडवली तर मागच्या सहाही जणांची जागा चुकते, मग ते कितीही चपळ असोत.

फाउल ज्याच्यावर झाला त्यानेच मोठ्याने म्हणायचं, आणि खेळ थांबला की सगळ्यांनी जागीच उभं राहायचं. समोरच्याला पटलं तर तो मान्य करतो. नाही पटलं तर तो ‘कंटेस्ट’ म्हणतो आणि झेलावरचा असा वाद मिटत नसेल तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते. धावताना तिसऱ्याच खेळाडूमुळे तुमची वाट अडली आणि तुमचा माणूस निसटला तर ‘पिक’ म्हणा. मात्र त्या वेळी तुम्ही तुमच्या माणसाच्या तीन मीटरच्या आत असायला हवं. एखादा नियम ठाऊक नसेल तर सरळ विचारा. समोरचा संघही समजावून सांगतो, ही या खेळाची रीतच आहे.

बहुतेक लीगमध्ये सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना ‘स्पिरिट’चे गुण देतात: नियमांचं ज्ञान, फाउल आणि धक्काबुक्की, न्याय्य वृत्ती, स्वतःवरचा ताबा आणि संवाद, प्रत्येकी 0 ते 4. साधारण नीट झालेल्या सामन्याला प्रत्येकी 2 मिळतात, म्हणून एकूण 10 दिसले तर तो अपमान समजू नका.