फातोर्ड्याला सामना पाहायला जाताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या फुटबॉलप्रेमीला इंडियन सुपर लीगचा सामना प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर बेंगळुरूच्या श्री कंठीरव स्टेडियमपेक्षा मडगावच्या फातोर्डा भागातले एफसी गोवा या संघाचे नेहरू स्टेडियम कितीतरी जवळ पडते. बेळगावपासून बेंगळुरू सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे, फातोर्डा दीडशेच्या आत. मात्र या जवळिकीमुळेच माणूस गाफील राहतो, आणि बहुतेक चुका मैदानात पोहोचण्याआधीच होऊन बसतात.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहण्याची सवय असलेले प्रेक्षक आयत्या वेळी फाटकावर तिकीट मिळेल असे गृहीत धरतात. फातोर्ड्याचे तिकीट आधीच ऑनलाइन घ्यावे आणि निघण्यापूर्वी घरीच मोबाइलवर उघडून पाहावे, कारण बेळगावहून गोव्याकडे जाताना जांबोटी सोडल्यावर चोर्ला घाट उतरेपर्यंत अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही. चौघांची तिकिटे एकाच्याच फोनमध्ये असतील आणि नेमका तोच गाडी लावायला गेला, तर उरलेले तिघे फाटकाबाहेर ताटकळतात. म्हणून ज्याचे तिकीट त्याच्याकडे आधीच पाठवून ठेवावे. फोन गाडीतच पूर्ण चार्ज करून घ्यावा. पॉवर बँक, पाण्याची बाटली, लायटर, हेल्मेट अशा वस्तू तपासणीत बहुधा अडवल्या जातात, आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येईल या भरवशावर राहू नये.

केवळ एखाद्या नावासाठी तिकीट घेणे ही आणखी एक चूक. ऑक्टोबर 2025 मध्ये आशियाई स्पर्धेसाठी सौदी अरेबियाचा अल नस्र संघ फातोर्ड्याला आला, पण त्या संघाचा रोनाल्डो त्या दौऱ्यावर आलाच नाही. एफसी गोवाने तो सामना 1–2 असा गमावला तरी झुंज चांगली दिली, आणि केवळ रोनाल्डोसाठी आलेल्यांना ती पाहण्यात किती रस उरला असेल, याची मला शंकाच आहे.

बसायच्या जागेबाबत माझे मत ठाम आहे: परवडत असेल तर मध्यरेषेच्या आसपासची, थोडी वरची रांग घ्यावी. खालून खेळाडू जवळ दिसतात, पण बचावफळी पुढे कशी सरकते आणि मोकळी जागा कोठे तयार होते हे कळत नाही. कंठीरवमध्ये मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे खालच्या रांगेला ते जवळ दिसण्याचे सुखही मिळत नाही.

जर्सीचे भान गोवा–बेंगळुरू सामन्याला विशेष ठेवावे. लीगच्या 2019 च्या अंतिम सामन्यात राहुल भेके याने जादा वेळेत, 117 व्या मिनिटाला केलेल्या हेडरने बेंगळुरूने गोव्याला 1–0 असे हरवले होते, आणि ती ठसठस गोव्याच्या चाहत्यांत अजून आहे. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही संघांचे पाठीराखे सापडतात. तरीही बेंगळुरूची निळी जर्सी घालून गोव्याच्या नारिंगी गर्दीत बसण्याचा हट्ट करू नये. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी वेगळा स्टँड असेल, तर तिकीट तेथलेच घ्यावे.

सर्वांत महागात पडते ते परतीचे नियोजन नसणे. साडेसातला सुरू झालेला सामना मध्यंतर आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई धरून साधारण साडेनऊला संपतो, गर्दीतून गाडी बाहेर काढण्यात अर्धा तास जातो, आणि चोर्ला घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत मध्यरात्र जवळ आलेली असते. बाद फेरीचा सामना बरोबरीमुळे लांबला, तर जादा वेळेची 30 मिनिटे आणि कदाचित पेनल्टी शूटआउटही त्यात मिळवावे. घाटात धुके, तीव्र वळणे आणि रस्त्यावर येणारी जनावरे असतात, म्हणून दिवसभर गाडी चालवलेल्यानेच रात्री पुन्हा स्टिअरिंग धरू नये. दुसरा चालक नसेल, तर मडगावात मुक्काम करून पहाटे निघावे. पावसाळ्यात किंवा पाऊस लांबला असताना चोर्ला आणि अनमोड या दोन्ही घाटांची स्थिती निघण्याआधी विचारून घ्यावी. निपाणी–संकेश्वरकडच्या मंडळींना आजरा–आंबोली मार्ग सोयीचा पडतो. गोव्यातून स्वस्त दारूच्या बाटल्या गाडीत टाकण्याचा मोह मात्र आवरावा. चोर्ला रस्त्यावरच्या कणकुंबीच्या नाक्यावर अबकारी खात्याची तपासणी असते, आणि तेथे अडकलेल्या गाडीतल्या प्रत्येकाची रात्र वाया जाते.