गोर्यो सेलाडॉनचा हिरवा रंग कुठून येतो: या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्राचीन कोरियन भांड्यांवर काम करायचं ठरलं की बहुतेक जण आधी यंत्रांची नावं पाठ करतात. माझं सांगणं उलट आहे. आधी भट्टी समजून घ्या, यंत्र नंतर.

गोर्यो राजवटीतलं (918 ते 1392) सेलाडॉन घ्या, म्हणजे निळसर हिरव्या ग्लेझची (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाची) भांडी. 1123 मध्ये कोरियात आलेला चिनी दूत शू जिंग यानेही या भांड्यांच्या रंगाची खास नोंद केली होती. पण हा हिरवा म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. राख आणि दगडमातीच्या पुडीपासून केलेल्या ग्लेझमध्ये साधारण 1 ते 3 टक्के लोह ऑक्साइड असतं. भट्टी भरपूर तापल्यावर हवा कोंडली, की आतला कार्बन मोनॉक्साइड लोहाकडचा ऑक्सिजन ओढून घेतो आणि ग्लेझ निळसर हिरवं होतं. हवा शिरली, तर तेच ग्लेझ मोहरीसारखं पिवळट तपकिरी निघतं. टायटॅनियम जास्त असलं तर निळी छटा मागे पडते. शिवाय ग्लेझ पारदर्शक असल्याने खालच्या मातीचा राखाडीपणाही रंगात उतरतो.

मी डेक्कन कॉलेजात शिकताना विदर्भातल्या महापाषाणयुगीन स्थळांची काळी-तांबडी खापरं हाताळली होती. तिथेही काळा आणि तांबडा ठरतो तो भाजताना कुठे हवा लागली आणि कुठे नाही यावर. ही सवय मला कोरियात फार उपयोगी पडली.

खापर हातात आलं की ताजी तुटलेली कड दहापट भिंगाखाली धरा. खाली घट्ट, राखाडी माती दिसेल आणि तिच्यावर ग्लेझचा मिलिमीटरपेक्षाही पातळ थर. त्या थरात बारीक बुडबुडे अडकलेले असतात. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो, म्हणून सेलाडॉन काचेसारखं लखलखत नाही, मऊ दिसतं. जडावाचा, म्हणजे सांगगामचा तुकडा असेल तर कोरलेल्या खाचेत भरलेली पांढरी माती आणि तिच्यावरून सलग गेलेलं ग्लेझ, दोन्ही एकाच कडेत दिसतात. आधी कोरणं, मग भरणं, मग ग्लेझ हा क्रम सांगायला यंत्र लागत नाही.

आता यंत्रं. हातात धरायचं क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र सगळ्यांना आवडतं, कारण खापर कापावं लागत नाही. पण ते लोह किती आहे एवढंच सांगतं, लोह कोणत्या अवस्थेत आहे ते नाही. हिरव्या आणि पिवळट तुकड्यांत लोहाचे आकडे सारखेच येऊ शकतात. फेरस-फेरिकचं (कमी आणि जास्त ऑक्सिजन घेतलेल्या लोहाचं) प्रमाण हवं असेल तर लोहाची अवस्था ओळखणाऱ्या मोसबाउअर वर्णपटाकडे जावं लागतं. जडावावर हातातलं क्ष-किरण यंत्र धरलं तर किरण ग्लेझमधून जातात आणि दोन्ही थरांची सरमिसळ येते. तिथे कडेचा छेद रेझिनमध्ये बसवून, घासून-चमकवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा. भाजण्याच्या तापमानासाठी क्ष-किरण विवर्तन उपयोगी: म्युलाइट (माती खूप तापल्यावर तयार होणारं स्फटिक) दिसलं म्हणजे भट्टी साधारण 1000 अंश सेल्सिअसच्या पुढे गेली होती. नेमका आकडा मात्र त्यावरून देऊ नका.

कापायला अखंड भांडं कोणी देणार नाही, आणि देऊही नये. दक्षिण कोरियातल्या गांगजिन आणि बुआन इथल्या जुन्या भट्ट्यांजवळ टाकून दिलेल्या फुटक्या मालाचे ढीग सापडले आहेत. अभ्यासासाठी ते सोनं आहे: माल कुठे बनला याची शंका नाही आणि फसलेली भाजणीही त्यात दिसते. दुकानात मिळालेल्या, उगम माहीत नसलेल्या खापरावर प्रबंध उभा करू नका.

प्रवेशासाठी बुयोचं राष्ट्रीय वारसा विद्यापीठ आणि गोंगजू राष्ट्रीय विद्यापीठ ही नावं पाहा. कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीत पदवीआधी भाषेचं शिक्षणही असतं. ते वर्ष मनापासून वापरा, कारण उत्खननाचे अहवाल मुख्यतः कोरियनमध्येच असतात. पुरातत्त्वातून येणाऱ्यांनी सिलिकेटांचं (माती आणि ग्लेझ ज्यांची बनतात त्या संयुगांचं) रसायन पक्कं करावं. रसायनातून येणाऱ्यांनी एखाद्या कुंभाराजवळ बसून भट्टी लागताना पाहावी. गांगजिनला आजही सेलाडॉन बनवणारे कारागीर आहेत. आणि जमलं तर लोहाचं प्रमाण थोडंथोडं बदलत स्वतः ग्लेझच्या चकत्या भाजा. रंग मोजताना दिवा, कोन आणि पार्श्वभूमी तीच ठेवा, नाहीतर दोन दिवसांच्या नोंदी एकमेकींशी ताडता येत नाहीत.