चारा डोईवर नव्हे, वजनावर मोजा : उन्हाळी नियोजनासाठी सल्ला

रब्बी ज्वारीची काढणी उरकून कडब्याची गंज रचली जात असतानाच, मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या साधारण १०० दिवसांचा चाऱ्याचा हिशेब मांडून ठेवावा. दावणीला किती जनावरे आहेत, एवढ्यावर हा हिशेब भागत नाही. चारा छावणीत ‘मोठे’ आणि ‘लहान’ अशा दोन वर्गांवर कारभार चालतो. तेथे त्याला इलाज नसतो, परंतु स्वतःच्या गोठ्यात एवढी ढोबळ वाटणी महागात पडते.

वजनकाटा नसला तरी टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यावा आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळ बाहेर आलेल्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने, मग लांबीने गुणून १०,८४० ने भागले की किलोमध्ये अंदाजी वजन मिळते. घेर १६५ व लांबी १४० सेंटिमीटर असलेली गाय सुमारे ३५० किलोची भरते. ती भाकड असेल, तर वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे पावणेनऊ किलो कोरडा अंश (चाऱ्यातले पाणी वगळून उरणारा भाग) तिला रोज लागेल. त्यातला दोनतृतीयांश भाग सुक्या वैरणीतून द्यायचा झाल्यास साडेसहा किलो कडबा आणि चौदा-पंधरा किलो हिरवा चारा पुरतो. १०० दिवसांना कडबाच ६५० किलो होतो. पेंढी गावागणिक लहानमोठी बांधली जात असल्याने दहा पेंढ्या तोलून सरासरी काढावी. दुभत्या संकरित गाई व म्हशींसाठी तीन टक्के धरावेत. त्यांच्या खुराकातील कोरडा अंश याच हिशेबात येतो.

आता फसगत होते ती जागा. शरीर लहान, म्हणून चारा त्याच प्रमाणात कमी, असे होत नाही. नुसते शरीर चालवण्याची गरज वजनाच्या पाऊण (०.७५) घाताने, म्हणजे वजनापेक्षा कमी वेगाने वाढते. त्यामुळे दुप्पट वजनाच्या गाईला दुप्पट नव्हे, तर सुमारे १.७ पट पोषण पुरते. उलट शेळीला किलोमागे अधिक लागते. ३० किलोची उस्मानाबादी शेळी वजनाच्या साडेतीन ते चार टक्के, म्हणजे किलोभराहून थोडा अधिक कोरडा अंश खाते. वजनाने एका गाईबरोबर अकरा-बारा शेळ्या भरतात, पण तिच्या वैरणीत सात-आठच जगतात. तेव्हा केवळ चारा वाचेल या आशेने गाय विकून डझनभर शेळ्या आणू नयेत. बांधावरचा सुबाभळीचा पाला, बोरीचा झाडोरा आणि बाभळीच्या शेंगा हाताशी असतील, तर मात्र गणित बदलते, कारण ते गाईच्या वाट्याचे नसते.

मोठ्या शरीराची अडचण उन्हात दिसते. वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ कमी असल्याने आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. भारी संकरित गाय दुपारी धापते आणि वैरण सोडते. म्हशीची काळी कातडी व कमी घामग्रंथी यांमुळे तिचे हाल अधिकच होतात. अशा जनावरांना वैरणीचा मोठा वाटा पहाटे व रात्री टाकावा, पाणी सावलीत आणि दिवसभर समोर असावे. कडबा कुट्टी करूनच घालावा, कारण अख्ख्या पेंढीतली जाड ताटे गव्हाणीत तशीच उरतात. दर पंधरवड्याला पुन्हा टेप लावावा. घेर उतरत असेल तर आधी पाणी आणि खनिज मिश्रण तपासावे, मग चारा वाढवावा.