मध्ययुगीन जग डोक्यात कसं बसवायचं

सनावळी पाठ करत बसू नका, दोन दिवसांत उडते. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आडवी रेघ मारा आणि मधोमध आपलं ओळखीचं साल टाका, १२९६, माउलींनी आळंदीला समाधी घेतली ते, आणि खिलजी देवगिरीवर आला तेही त्याच साली. आता दर वेळी १२९६ पासूनच मागेपुढे मोजायचं. ३८ वर्षं मागे गेलात की हुलागूच्या मंगोल फौजेनं बगदाद उद्ध्वस्त केलं, २८ पुढे गेलात की पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मुसा हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भावच पडला (आपल्या लक्ष्मी रोडला कधी पडणार देव जाणे). १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ऑटोमन तुर्कांकडे गेलं, तिथे रेघ संपवा. चीनला वेगळ्या रंगाचं स्केचपेन घ्या, नाहीतर नुसता गिचमिडकाला होतो, माझा झालाय.