‘फी’ आणि ‘पशु’ : शब्दांची नाती जुळवताना या चुका टाळा

‘शाळेची फी आपल्या पशुवरून आली’ असं कुणीतरी ठासून सांगतं. नातं आहे, पण आई-लेकीचं नव्हे, लांबच्या बहिणींचं. संस्कृत ‘पशु’, लॅटिन ‘पेकु’ आणि आदि-जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरेंची पूर्वज भाषा) ‘*फेहु’ या तिघी एकाच हिंद-युरोपीय घरच्या. फेहुचा अर्थ गुरंढोरं, धन.

फेहुच्या आधीचा तो तारा (*) गाळू नका. वंशजांवरून मागे जाऊन बांधलेलं रूप आहे, लेखात सापडलेलं नाही, एवढंच तो सांगतो. तारा पुसला की अंदाज पुरावा म्हणून मिरवू लागतो.

सगळ्यात मोठी चूक कानावर विसंबण्याची. जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणे’. तरी ते सख्खे नाहीत. हाबेनचं नातं लॅटिन ‘कापेरे’शी, म्हणजे ‘पकडणे’शी. कारण जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला नियम: मूळच्या प-चा जर्मानिकमध्ये फ होतो, क-चा ह. संस्कृतात त्याच क-च्या जागी कधी श दिसतो. म्हणून शत–हंड्रेड, आणि म्हणूनच पशु–फेहु. एक जोडी जुळली म्हणून हुरळू नका. तोच बदल आणखी चार शब्दांत दाखवता आला पाहिजे.

आता गंमत बघा. जर्मन ‘फी’ म्हणजे गुरंढोरं. उच्चार हुबेहूब आपल्या शाळेच्या फीसारखा! ही जर्मन फी मात्र फेहुची थेट वारस. इंग्रजी फी सरळ रेषेत आली असं धरू नका. जुन्या इंग्रजीतला ‘फेओह’ मागे पडला. आजची फी सरंजामी जमिनीच्या व्यवहारातून, फ्रेंचच्या वळणाने आली. त्या फ्रेंच शब्दाच्या मुळाशीही जर्मानिक फेहुच असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

‘आधी गाय, मग पैसा’ हा क्रमही गृहीत धरू नका. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनवेनिस्त यांच्या मते मूळ अर्थ जंगम मालमत्ता. गुरं हा तिचा एक प्रकार. चौथ्या शतकातल्या गॉथिक (एक लुप्त जर्मानिक भाषा) बायबलमध्ये येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला देऊ केलेले पैसे ‘फैहु’च आहेत, तिथे गोठ्याचा वासही नाही. उलट आइसलँडमध्ये ‘फ्ये’ म्हणजे आजही मेंढ्या आणि पैसा, दोन्ही. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, असं धन एकत्र घालणारा भागीदार तो ‘फेलागी’. इंग्रजांचा ‘फेलो’ तोच.